पोथीतला गडी

१२ ऑगस्ट १९४५, रविवार. माळेवाडी.

पुस्तकावर दही पडलं. सांडलं नाही—घातलं! प्रभंजन नावाचा तो महामूर्ख लढाईवर निघतो, त्या पानावर. बयाबाईनं पदराआडून वाटी काढली आणि ती काय करते आहे हे मला कळायच्या आत चमचाभर दही छापील अक्षरांवर ठेवून मोकळी! "शिपाई लांब निगालाय, दह्याबिगर कसा जाईल?" वर मलाच विचारते, "बाई, निरांजन कुठं ववाळू? पानाच्या वरनं का खालनं?"

पुस्तक मिटलं आणि उठले. दही आत चेपलं गेलं ते वेगळंच.

चूक माझी. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी गप्प बसावं, ते सोडून शिपायांच्या बायकांना लिहावाचायला शिकवायला या गावी यायची हौस कुणाला? मला. भूपाल अण्णांनी त्यांच्या घराचा सोपा वर्गाला दिला, मला राहायला एक खोली दिली. इथवर ठीक. पण बायका येईनात. "पाटीवर रेघा मारून काय पोट भरतंय व्हय?" म्हणून वर्गानंतर तासभर काहीतरी वाचून दाखवायचं ठरवलं. वर्गासाठी आलेल्या पेटीत दोनच पुस्तकं निघाली. एक खरजेवर. दुसरी ही दोन भागांची कादंबरी, सांगलीच्या कुणा वकिलाची. खरजेचं पुस्तक वाचलं असतं तर आज ही पाळी आली नसती!

गावात दर श्रावणात पोथी लागते. वाचणारे गुरव यंदा डोळ्यांनी अधू झाले. तेव्हा बायकांनी परस्पर ठरवून टाकलं, यंदाची पोथी ही! दुसऱ्याच दिवशी पुस्तक पाटावर, तांबड्या फडक्यात, हळदकुंकू लावून. गेल्या आठवड्यात नायक-नायिकेचं लग्न लागलं तेव्हा पुस्तकावर अक्षता पडल्या. पोथीत लग्न लागलं की टाकायच्याच असतात म्हणे. मी हसण्यावारी नेलं. तेव्हाच दटावायला हवं होतं.

१३ ऑगस्ट

पुस्तकाच्या शिवणीतून अजून तांदूळ गळताहेत. किळस आली.

१६ ऑगस्ट, गुरुवार

लढाई संपली. जपाननं हत्यार ठेवलं. भूपाल अण्णा बाजारात गूळ घालायला सांगलीला गेले होते, तेच बातमी घेऊन आले. देवळापुढे नारळ फुटले. या गावात घराआड एक शिपाई. बायका वर्गात आल्या त्या नाचतच आल्या.

म्हटलं, आज नवऱ्याचं नाव लिहा. तोंडानं घेत नाही, ठीक आहे. पाटीवर लिहायला कुणी मनाई केलेली नाही! केवढी खिदळाखिदळ! बनुबाईनं 'गुंडा' लिहिलं आणि पाटी पालथी घालून तिच्यावरच बसली. तिचा गुंडा जपान्यांच्या कैदेत आहे, असं सरकारी पत्र होतं. आता सुटेल.

चंद्राबाई मात्र गप्प. ही म्हाताऱ्या सयाजीची सून. नवरा अर्जुना ब्रह्मदेशात बेपत्ता. कैदेत नाही, मेल्यांत नाही, कुठेच नाही. वर्गात सगळ्यांत हुशार हीच. जोडाक्षरं चुकत नाही. तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि थांबली. "आणि घरधन्याचं?" म्हटलं. ती पाटीकडे बघत राहिली. मग तळव्यानं पाटी पुसली, स्वतःचं नावसुद्धा. मी पुढच्या पाटीकडे वळले. रडारड मला खपत नाही, पण मुक्या दुःखाला मी मान देते.

तिच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे, चांगला मोठा. चुलीशी बसताना या बायकांचं लक्ष असतं तरी कुठे!

२० ऑगस्ट

आज बयाबाईनं खण आणला. हिरवा, इरकली काठाचा. मला वाटलं मलाच. घेणार नव्हतेच, पण मला नव्हताच तो! "तुमी सांगलीला जाल तवा मिनाईला द्या. लगीन लागलं, आमी नुसत्या आकशिता टाकल्या, बरं न्हाई दिसलं."

मिनाई म्हणजे कादंबरीतली मृणालिनी. पहिल्याच पानावर लिहिलंय की ती सांगलीला कृष्णेच्या काठी राहते. झालं! पत्ता मिळाला!

मी पाटी आपटली. म्हटलं, नीट ऐका. ही बाई नाही. कधी नव्हती. तो प्रभंजनही नाही. सांगलीत एक वकील आहे, त्यानं गादीवर लोडाला टेकून बसून हे सगळं डोक्यातून काढलंय. खोटं आहे!

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बयाबाई म्हणाली, "आवं बाई, रामाची पोथी बी कुनीतरी बसूनच लिवली आसंल की. हुबं ऱ्हाऊन कोन लिवतंय?"

आणि भूपाल अण्णांची आक्काताई, जी घरची मालकीण असून रोज सगळ्यांत पुढे येऊन बसते, ती म्हणाली, "खोटं हाय तर काल वाचताना तुमी डोळं का पुसलासा?"

"धूर होता."

"सोप्यात चूल कुठं हाय, बाई?"

हसल्या सगळ्या. मी वर्ग सोडला.

कॉलेजात मुली कादंबऱ्या उशीखाली ठेवून झोपत. मी तर्कशास्त्र घेतलं होतं. तेव्हाही हसायच्या.

२१ ऑगस्ट

धूरच होता. आक्काताईंचं स्वयंपाकघर सोप्याच्या मागेच आहे आणि वारा पूर्वेचा होता.

२९ ऑगस्ट, बुधवार

दुसऱ्या भागाचं तिसरं प्रकरण. मृणालिनीला तार येते: प्रभंजन रणांगणावर बेपत्ता. मी वाचत होते, आणि ऐकणाऱ्या बायका पुस्तकाकडे बघतच नव्हत्या. सगळ्या चंद्राबाईकडे! ती दाराशी बसली होती. रोज दाराशीच बसते. तोंडावर काही नाही. हात मात्र जोत्याच्या दगडावर घट्ट. मला त्या वकिलाचा राग आला. घरी बसून तारा पाठवतो, आणि त्या येऊन पडतात कुणाच्या दारात!

३० ऑगस्ट

सकाळीच सयाजी आला. पटका सारखा करून उंबऱ्याबाहेरच बसला. आत या म्हटलं तर "हितंच बरं हाय."

"बाई, पोथी समाप्तीला कवा जातीया?"

पोथी नव्हे ती, म्हटलं. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"आमच्या अर्जुनाला दीड वरीस झालं. मेला म्हनत न्हाईत, जित्ता बी म्हनत न्हाईत. जोतिबाला कौलाची कळी लावली. हात जोडून हुबा ऱ्हायलो. कळी उजवी पडंना, डावी पडंना. चिकटूनच बसली. देव बी तोंड मिटून बसलाय, बाई. मग भावकीत ठरलं, सर्वपित्री आवसंला पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आन् जाळायचा. त्याच्या जिवाला पानी तर मिळंल. आन् पोरीलाबी मोकळं कराय होवं."

"सुनेला विचारलंत?"

"तिला काय इचारायचं?"

काय इचारायचं म्हणे! त्या पोरीच्या कपाळावरचं कुंकू पुसायचं आणि तिला विचारायचं नाही! मी तसं तोंडावर बोलले. म्हातारा खाली मान घालून बोटानं मातीत रेघा काढत राहिला. मग हळूच म्हणाला, "पर कालच्याला पोथीत त्योच परसंग आला न्हवं. शिपाई गावंना. म्हनून म्हनलं, थांबावं. पोथीतला गडी परत आला तर आपलाबी यील. न्हाई आला तर न्हाई. मग आवसंला पुतळा. पोथी काय वंगाळ सांगत न्हाई."

मी तासभर बोलले. सांगलीचा वकील, शाई, छापखाना, सगळं सांगितलं. तो मान हलवत होता. उठताना म्हणाला, "बरं, मग आवसंच्या आत समाप्ती हूंद्या, बाई."

शेवटचं प्रकरण मी वाचलेलं आहे. प्रभंजन मरतो. छातीवर गोळी, हातात मृणालिनीचा फोटो, तोंडात चंद्रावरची कविता. इकडे ती गच्चीवर उभी, आकाशातून तारा तुटतो आणि तिला "सारं उमगतं". ही त्या वकिलाची रणभूमी! साताऱ्याच्या पलटणीतला शिपाई मरताना कविता म्हणतो!

आणि या तुटलेल्या ताऱ्याच्या पुराव्यावर इथे एक जिवंत बाई विधवा होणार.

८ सप्टेंबर, शनिवार

वर्ग सुटल्यावर चंद्राबाई मागे राहिली. पाट्या गोळा करायला लागली. रचून झाल्यावर पुन्हा रचल्या. मग पाठमोरीच म्हणाली, "बाई, फुडं काय हाय त्ये तुमास्नी ठावं आसंल."

"ठाऊक आहे. सांगणार नाही."

"पुतळा जाळला की बाईमानसाला म्हायेरी धाडत्यात, ते खरं का?"

आवाज कापत होता. तासगावला तिचा भाऊ असतो, आकाराम. आईबाप नाहीत. भावाच्या दारात विधवा होऊन पडायचं, याची धास्ती घेतली आहे पोरीनं. मी म्हटलं, "तशी वेळ येणार नाही, धीर धर."

ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात आक्काताई आल्या, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून हाका मारत. त्यांचा जैनांचा चातुर्मास, उशीर चालत नाही. चंद्राबाईनं पदर सारखा केला. दारातून वळून एवढंच म्हणाली, "जे हाय त्येच वाचा, बाई."

काय धीराची पोर! ती मृणालिनी दोन भागभर उसासे टाकते, आणि ही एक टिपूस काढत नाही. कादंबरीतल्या बाईहून शंभरपट खरी.

१४ सप्टेंबर, शुक्रवार. सांगली.

सांगलीला आले. विचार साधा होता. वकिलालाच गावात घेऊन जायचं. लिहिणाऱ्याच्या तोंडून "हे मी रचलं" असं ऐकलं की मानतील. तासगावहून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं आले. दोन ठिकाणी उतरून सगळ्यांनी ढकलली. अंगभर धूर. (हा मात्र खरोखरच धूर.)

वामोरीकर वकील. हळदीच्या पेठेमागे माडी. खाली पोती उलटी होत होती; पिवळी धूळ जिन्यापर्यंत. वर गादी, लोड, आणि लोडाला टेकून खुद्द कादंबरीकार! मी गावात न बघता सांगितलं होतं तसाच. एवढीच एक गोष्ट या सगळ्यात खरी निघाली.

"या, या, मिस आगटे! खेड्यात माझ्या कृतीचं पारायण चालतं? तांबड्या फडक्यात बांधतात? काय सांगता!" दही घातलं हे ऐकून तर मांडीवर थाप मारली. मी चंद्राबाईची हकीकत सांगितली. सगळी. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, लाज वाटली असेल. डोळे उघडले आणि म्हणाला, "वा! यावर तिसरा भाग होईल."

म्हटलं, तुम्ही या आणि सांगा की हे खोटं आहे.

"खोटं कसं सांगू? माझी पात्रं माझ्याहून खरी आहेत. मृणालिनी मला स्वप्नात दिसते."

"तुम्ही कधी पलटणीतला शिपाई पाहिलाय?"

"पाहायला कशाला हवा? अनुभूती हवी."

"मग प्रभंजनाला मारलंत का?"

यावर त्यानं माझ्याकडे कीव करून पाहिलं. "अहो, पहिल्या भागात लग्न झालं. दुसऱ्या भागात मरण नको? वाचक रडला नाही तर पुस्तक विकत का घेईल?" मग जरा पुढे सरकून, मेहरबानी केल्यासारखा, "तुमच्या बायकांची फारच इच्छा असेल तर दुसऱ्या आवृत्तीत जिवंत करतो. मला काय, एका पानाचं काम."

एका पानाचं काम!

आतून चहा आला. दाराच्या फटीतून हात आला, बाई आली नाही. याच गृहस्थानं कादंबरीत नायिकेच्या नाजूक बोटांवर दीड पान खर्ची घातलंय. इथे कप घेताना मान वळवली नाही. "साखर कमी आहे," एवढं दाराला म्हणाला.

गावात यायला मात्र तयार! फोटोग्राफर आणतो, म्हणाला. बायकांना नऊवारीत रांगेनं बसवा, पुस्तक मध्ये ठेवा. मी उठले. जिना उतरता उतरता पिशवीतला खण आठवला. परत वर गेले. दाराच्या फटीशी उभी राहून म्हटलं, "हा मृणालिनीसाठी आहे. माळेवाडीच्या बयाबाईनं दिलाय. तुम्ही घ्या." आतून तोच हात पुढे आला. मग खण आत गेला. वकील मागून विचारत होता, "काय आहे? काय आहे?"

आयर्विन पुलावर थोडी उभी राहिले. नदी गढूळ, काठोकाठ. उभं राहून काही सुचलं नाही.

१५ सप्टेंबर

लिहिणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्यांचा, दोघांचाही वीट आला आहे. एकाला खऱ्याचं काही देणंघेणं नाही. दुसऱ्यांना खोटं असतं हेच ठाऊक नाही. मधे मी, अंगाला हळदीची धूळ.

बयाबाईनं विचारलं, "मिनाईला आवडला का खन?"

"आवडला," म्हटलं. सरळ, न अडखळता.

२३ सप्टेंबर, रविवार

बनुबाईचा गुंडा आला! सिंगापूरच्या कैदेतून. हाडं मोजावीत असा. सगळं गाव वेशीपर्यंत गेलं. बनुबाई त्याच्याकडे न बघता त्याच्या पिशवीकडेच बघत होती, हसत होती आणि मधेच पिशवीला हात लावून बघत होती. त्यानं सांगितलं, रानातून अजून माणसं निघताहेत. कागदावर मेलेलीसुद्धा. सयाजीनं अर्जुनाचं नाव घेतलं. गुंडा म्हणाला, "मला न्हाई गावला, तात्या. पर न्हाईच आसं बी न्हाई."

चंद्राबाई गर्दीच्या मागे होती. गुंडा बोलला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. देवाला हात जोडत असणार.

आता सरळ मांडून बघू. अर्जुना मेला, हे सिद्ध झालेलं नाही. म्हणजे पुतळा जाळून त्याला मेलेला ठरवणं हे खोटं. ते खोटं कशाच्या आधारावर? एका वकिलाच्या खोट्यावर. मग मी छापील तेच प्रामाणिकपणे वाचलं तर मी खरं बोलले, असं होतं का? तीस वर्षं मुलींच्या बोटांवर पट्टी मारली: छापलंय तसं वाच, मनचं घालू नकोस! आणि आता?

समाप्ती करायचीच नाही, असंही बोलून पाहिलं. आक्काताईंनी कानांवर हात ठेवले. "अर्धी पोथी ठेवायची? बाई, त्याहून वंगाळ काय न्हाई."

२४ सप्टेंबर

सयाजीच्या परसात पळसाची पानं आणून ठेवली आहेत. पोतं झाकून. पानं सुकू नयेत म्हणून म्हातारा सकाळी त्यांवर पाणी शिंपडत होता. आजारी माणसाला आंघोळ घालावी तसं. पुढे बघवलं नाही.

३ ऑक्टोबर, बुधवार

समाप्ती झाली. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सोपा भरला, पुरुष अंगणात. पाटाभोवती रांगोळी. नारळ, पेढे. सयाजी आज पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत बसला. चंद्राबाई दाराशी. मी पुस्तक उघडलं. छातीवरची गोळी समोरच होती, काळ्या शाईत. मी तोंड उघडलं आणि वाचायला लागले:

स्टेशनात गाडी आली आणि प्रभंजन उतरला.

हे कुठून आलं मला माहीत नाही. पण ते आलं आणि पुढे येतच राहिलं! त्याचा एक पाय अधू झाला होता. बुटाची एक नाडी तुटली होती, तिच्या जागी त्यानं सुतळी ओवली होती. बैलगाडी मिळाली नाही म्हणून तो चालत निघाला. वाटेत उसाच्या पाटाला पाणी प्यायला. त्याला ओळखलं ते कुत्र्यानं, माणसांनी नाही. त्या वकिलाच्या पुस्तकात कुत्रं नाही! मी घातलं! मी, जिला घरात मांजर खपत नाही! कविता एकही म्हणू दिली नाही त्याला. दारात आल्यावर तो म्हणतो, "पाणी दे." एवढंच. आणि मृणालिनी पाणी देते.

माझा आवाज स्थिर होता. पान उलटायचं तिथे उलटत होते. पुस्तक मिटलं. मग सयाजी रडायला लागला, मोठ्यानं, पोरासारखं, पटका तोंडात धरून. बायका उठल्या. गुलाल. आरती. बयाबाई पुस्तकाच्या पाया पडून माझ्याही पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले. "आला गं बया, आला! गडी आला!" अंगणात पुरुष एकमेकांना पेढे भरवत होते. पुतळा रहित झाला, हे कुणी बोललंही नाही, ते झालंच.

चंद्राबाई आरतीच्या आधीच उठून गेली. आनंद सोसवला नसेल. चार माणसांत डोळे पुसणारी ती नव्हेच.

४ ऑक्टोबर

सकाळपासून स्वतःची घृणा वाटते आहे. खोटं वाचलं, याची नव्हे. ते वाचताना मला मजा आली, याची! ती सुतळी. ते कुत्रं. आत्ताही आठवलं की बरं वाटतं. वामोरीकर वकील आणि मी, दोघं एका गादीवर बसलो आहोत असं वाटलं.

पण एक बाई वाचली. तेवढ्यापुरतं मी सहन करीन.

५ ऑक्टोबर

वर्ग भरला. चंद्राबाई आली नाही. सयाजीनं पळसाची पानं बैलाखाली टाकली.

९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी चंद्राबाई आली. दार लोटलं, आणि पदर खाली टाकून पाठ माझ्याकडे केली. चोळीच्या वर, खाली, जिथवर दिसत होतं तिथवर डाग. तापलेल्या उलथन्याचे. मनगटावर आहे तसेच.

"घरधनी रजंवर आलं हुतं, तवाचं हाय ह्ये. पुतळा जळला आसता तर आकारामदादा न्यायला येनार हुता. कुंकू पुसून जानार हुते मी, बाई. हसत जानार हुते. आता समदी म्हनत्यात, थांब, गडी यील." मग पदर सावरून, "मामंजींनी इचारलं न्हाई. तुमी तरी इचारायचं."

तिची पाटी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली.

मी तशीच सयाजीकडे गेले. शेवट मी मनानं रचला, पुस्तकात शिपाई मरतो, म्हणून सांगितलं. पान उघडून दाखवलं. तो हसला. बऱ्याच वर्षांत असं हसला नसेल. "आवं बाई, पयल्यांदा म्हनलासा, समदी पोथीच खोटी. आता म्हनता, शेवट तेवढा खोटा. येकदा काय ते ठरवा की!"

सयाजीच्या अंगणात अर्जुनाचा पटका धुऊन दोरीवर घातलाय. लाल. माझ्या खिडकीतून दिसतो.

धुतला तिनंच असणार.